आवक क्रमांक त्रेसष्ट

अण्णा,

या कागदाचा वरचा उजवा कोपरा मी मोकळा सोडला आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी पत्र लिहायला घेतलं की हात आपोआप तेवढी जागा सोडतो. तिथे तुमची लाल पेन्सिल चालायची. आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आहे, सगळ्यांना सामान आवरायला सांगितलंय, म्हणून गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक खाली काढली. वर आईच्या दोन नऊवारी साड्या, मधे तुमची काळी टोपी आणि तळाशी तुमची घरची आवक वही. वही चाळली आणि एका नोंदीपाशी थांबले. त्या नोंदीबद्दल तुमच्याशी बोलायचं राहिलं आहे. मला लिहिण्याची सवय नाही, माझं आयुष्य फळ्यावर गणितं सोडवण्यात गेलं. तेव्हा जमेल तसं लिहिते.

तुम्ही गोदीजवळच्या एका कंपनीत आवक कारकून होता. चोवीस वर्षं तेच टेबल. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र आधी तुमच्याकडे यायचं. पाकीट टेबलावर उभं आपटायचं, म्हणजे आतला कागद खाली बसतो, मग वरच्या कडेतून सुरी फिरवायची, कागद उलगडायचा, कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख टाकायची, वहीत नोंद करायची, आणि हे सगळं झाल्यावर वाचायचं. आधी क्रमांक, मग वाचन. "आधी वाचतो तो क्रमांक विसरतो," असं तुम्ही म्हणायचा. मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांतही तोच नियम होता. दुपारी पोस्टमन जे देऊन जाईल ते कोनाड्यात ठेवायचं, कोणाच्याही नावावर असलं तरी. संध्याकाळी तुम्ही आलात, हातपाय धुतलेत, की पाटावर बसून ते उघडणार. आत्याचं पत्र असो, लग्नपत्रिका असो, कोपऱ्यात आकडा पडला, वहीत ओळ चढली, की कागद स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या तारेत खोचला जायचा. आई वैतागायची. "अहो, हे घर आहे की कचेरी? उद्या पोळीवर शिक्का मारून वाढू का?" तुम्ही हसायचात आणि तारेतला कागद सरळ करायचात. दर एक जानेवारीला वहीत पुन्हा एक आकड्यापासून सुरुवात. ती नोंद ज्या वर्षीची, त्या वर्षी जून महिन्यापर्यंत आपल्या घरी साठच्या वर पत्रं आली होती.

त्यांतलं एकसष्ट नंबरचं पत्र माझं होतं. सरकारी कचेरीत नेमणूक झाल्याचं, पहिल्या तारखेला हजर व्हा असं सांगणारं. मी बी.ए. झाले होते, गणित घेऊन, दुसऱ्या वर्गात. मला एम.ए. करायचं होतं. विद्यापीठाच्या विभागात जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. मुलाखत घेऊन निवडणार होते आणि निकाल महिनाअखेरीला लागणार होता. जागा मिळाली तर शिक्षण, नाही मिळाली तर पहिल्या तारखेला कचेरी. आणि एकदा कचेरीत शिरले की परत शिकायला कोण येतं, हे आपल्या चाळीत कोणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. तुम्ही कधी "शीक" म्हणाला नाहीत आणि "नोकरी धर" असंही म्हणाला नाहीत. पण अर्जाची तयारी तुम्ही स्वतः केलीत. मार्कांच्या नकला ऑफिसातल्या टायपिस्टकडून करून आणल्यात, ठाण्याला ओळखीच्या अधिकाऱ्याकडे जाऊन त्यांवर सही-शिक्का घेतलात, अर्जाला जोडायच्या कागदांची यादी केलीत आणि एकेका कागदापुढे निळ्या पेन्सिलीने खूण करत गेलात. शेवटी एकच ओळ उरली, प्राध्यापकांचं शिफारसपत्र. ते गोपनीय हवं होतं, बंद पाकिटात, पाकिटाच्या पाठीवर त्यांची आडवी सही, आणि ते पाकीट न उघडता आम्हीच अर्जाबरोबर द्यायचं. आमचे सर अंधेरीला राहायचे. पाय मुरगळल्यामुळे कॉलेजात येत नव्हते. त्यांनी निरोप पाठवला होता, घरी येऊ नकोस, पोस्टाने पाठवतो.

अर्जाचा शेवटचा दिवस शनिवार, दुपारी बारापर्यंत. गुरुवारी दुपारी पोस्टमनने पाकीट दिलं. मी अक्षर ओळखलं. सरांचा गोल, मागे कललेला हात. जाड पाकीट होतं. आत दुसरं पाकीट आहे हे बोटांना कळत होतं. आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि कोनाड्यात ठेवलं. मी म्हटलं, "आई, ते माझं आहे."

"कोनाड्यात ठेवलं म्हणजे दुसऱ्याचं झालं का गं? येतीलच ते संध्याकाळी."

दोन वाजल्यापासून सात वाजेपर्यंत मी त्या कोनाड्याकडे बघत काढले. आता वाटतं, तेव्हाच बाहेरचं पाकीट मी उघडून आतलं बाजूला काढून ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. निदान तुम्ही आल्यावर एवढं तरी बोलायला हवं होतं, की अण्णा, आत बंद पाकीट आहे, ते फोडू नका. पण आपल्या घरात तुमच्या पाटाशेजारी उभं राहून तुम्हाला तुमचं काम कोणी शिकवत नव्हतं. आणि मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे. यादी तुम्हीच केली होतीत.

तुम्ही पाटावर बसला आहात. समोर कंदिलाशेजारी सुरी आणि लाल-निळी पेन्सिल. पाकीट उभं आपटता. आतलं पाकीट बाहेरच्याएवढंच उंच, घट्ट बसलेलं, त्यामुळे ते खाली सरकत नाही. सुरी फिरते. एकाच चिरेत दोन्ही पाकिटं उघडतात. तुमची बोटं आत जातात, कागद बाहेर येतो, उलगडतो, पेन्सिल कोपऱ्यात टेकते. त्रेसष्ट. खाली तारीख. मग तुम्ही वहीत ओळ लिहिता. मग वाचायला लागता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी आहे आणि तुमचा चेहरा मला दिसतो आहे. पहिल्या दोन ओळींपर्यंत तो नेहमीचा आहे. मग तुम्ही पाकीट हातात घेता, त्याच्या पाठीवरची चिरलेली सही बघता आणि कागद मांडीवर पालथा ठेवता.

"काय झालं?" आईने आतून विचारलं.

"चूक झाली."

"कोणाची?"

"माझी."

आई पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. काय ते तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. ती म्हणाली, "मग दुसरं पाकीट आणा, डिंक लावा, झालं. कोण बघायला बसलंय?"

"पाठीवर त्यांची सही असते."

"आणि तो आकडा? रबराने खोडून टाका."

"लाल पेन्सिल आहे. जात नाही." मग तुम्ही म्हणालात, "आणि गेली असती तरी खोडलेला कागद मी आजवर कोणाच्या टेबलावर ठेवलेला नाही."

"मग पोरीचं वर्ष घालवा," आई म्हणाली आणि आत गेली. पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज आला.

मी विचारलं, "अण्णा, काय लिहिलंय?"

तुम्ही कागदाच्या घड्या घातल्यात, जशा होत्या तशाच. "हे तुझ्यासाठी नाही. बंद पाकिटातलं आहे. माझ्या हातून वाचलं गेलं, ते गेलं. तू वाचायचं नाहीस."

"वाईट आहे का?"

"चांगलं लिहिलंय," तुम्ही म्हणालात, उठलात, आणि तो कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवलात. कोट खुंटीला होता. त्या तारेवर न गेलेला तो आपल्या घरातला पहिला कागद असावा.

पुढचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी तुम्ही बादली घेऊन गॅलरीच्या टोकाच्या मोरीत आंघोळीला गेलात. तांब्याचा आवाज ऐकू येत होता. पाणी ओतायचा, थांबायचा, परत ओतायचा. मी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. कागद काढला, भिंतीकडे तोंड करून वाचला, परत वाचला, त्याच घड्या घातल्या आणि ठेवून दिला. इंग्रजीत आठ-नऊ ओळी होत्या. मुलगी कष्टाळू आहे. वर्तन उत्तम. दिलेलं काम वेळेवर आणि नीट करते. मात्र स्वतंत्र विचाराची झेप मला तिच्यात दिसलेली नाही, आणि तसं न सांगणं हे माझ्या कर्तव्यात कसूर ठरेल. पदव्युत्तर अभ्यासापेक्षा शाळेत शिकवण्याच्या कामी ती अधिक उपयोगी पडेल. हा मजकूर त्या दिवसापासून पाठ आहे. वळले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, आणि म्हणाली, "चहा निवतोय."

तुम्ही आंघोळ करून आलात आणि म्हणालात, "तयार हो. अंधेरीला जायचंय." चोवीस वर्षांत आधी न कळवता ऑफिस बुडवलंत असा तो एकच दिवस. दादरला गाडी बदलून आपण अंधेरीला उतरलो आणि विचारत विचारत सरांच्या घरी गेलो. वाटेत शेतं लागली, कौलारू घरं लागली. माझ्या मनात एकच होतं. तुम्ही चालला आहात ते माझ्यासाठी बोलायला. तुमच्यासारखा माणूस दारात आला, चूक कबूल केली, हात जोडले, तर सर वितळतील आणि दुसरं पत्र लिहिताना त्या दोन ओळी वगळतील. त्या पत्रात खरोखर काय आहे ते तुम्हाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, आणि आपण दोघं एकाच कामाला चाललो आहोत अशी माझी खात्री होती.

सरांच्या पत्नींनी दार उघडलं. तुम्ही मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलंत आणि आत गेलात. खिडकी उघडी होती. सर आरामखुर्चीत होते, पाय स्टुलावर, पायाला पट्टी.

"बोला."

"बाहेर बाकावर बसलीय, मी तिचे वडील. शिफारसपत्रासाठी आलोय."

"पोचलं नाही का?"

"पोचलं. मी फोडलं."

"फोडलं म्हणजे?"

"बाहेरचं आणि आतलं, दोन्ही एका सुरीखाली गेली. कागदावर क्रमांकही टाकला."

"कसला क्रमांक?"

"आवक क्रमांक. त्रेसष्ट."

"घरच्या पत्रांना?"

"सवय आहे."

"आणि वाचलंत."

"वाचलं."

"म्हणजे आता भांडायला आलात." खुर्ची करकरली. "हे बघा, मी माणसाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझं मत बदलणार नाही."

बाई माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या होत्या. मी पेला धरून बसले होते आणि आता तुम्ही बोलणार याची वाट बघत होते.

"मत बदला म्हणायला मी आलो नाही," तुम्ही म्हणालात. "होतं तेच पुन्हा लिहून द्या. शब्दाला शब्द. माझ्या हातून जे खराब झालं ते मला तसंच्या तसं जागेवर ठेवायचंय. एवढंच."

"मुलीने वाचलंय?"

"नाही. रात्रभर माझ्या कोटात होतं."

"नक्की?"

"मी तिला सांगितलं होतं, वाचायचं नाही म्हणून."

सर परत काही विचारतील असं वाटलं, पण विचारलं नाही. टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला.

बाई माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "अगं पाणी घे ना, उन्हाची आलीस. ह्यांचं असंच असतं हो. कोणाला पहिला वर्ग द्यायचा म्हणजे ह्यांच्या जिवावर येतं. माझ्या आमटीलासुद्धा अजून मिळालेला नाही." मी हसले नाही. त्या बिचाऱ्या पेला घेऊन आत गेल्या. मला उठून आत जावंसं वाटत होतं. आत जाऊन सांगावं, की सर, नका लिहू तेच, मी ते पाहिलंय, माझं वर्ष जाईल. पण तसं बोलले असते तर एका वाक्यात तुम्ही खोटे ठरला असता. मी बाकाची फळी दोन्ही हातांनी धरून बसले. आत टाक चालत होता. पंधरा-वीस मिनिटं. आठ-नऊ ओळींना एवढा वेळ कसा लागतो, असं मनात आलं होतं. मग लाखेचा वास आला.

सर लंगडत व्हरांड्यापर्यंत आले. पाकीट त्यांनी तुमच्या हातात दिलं, माझ्या नाही. क्रमांक पडलेला जुना कागद तुम्ही त्यांना दिलात, त्यांनी तो चार तुकडे करून खिशात टाकला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "अर्ज वेळेत दे."

अंधेरी स्टेशनच्या बाहेर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तुम्ही थांबलात. "रस घेतेस?"

"नको."

"ऊन आहे गं."

"नको म्हटलं ना."

मी तुमच्याशी असं कधी बोलले नव्हते. प्लॅटफॉर्मवर मी मुद्दाम विचारलं, तुमच्या तोंडून काय निघतं ते बघायचंच होतं म्हणून. "अण्णा, पत्रात चांगलंच लिहिलंय ना?"

तुम्ही रुळांकडे बघत होता. "हो," तुम्ही म्हणालात. "चांगलं लिहिलंय." गाडी यायला अजून वेळ होता. त्या वेळात मी ठरवलं, की या माणसाला स्वतःची वही स्वच्छ ठेवण्यापलीकडे काही दिसत नाही, मुलगीसुद्धा नाही. पुढे कित्येक वर्षं मला तसंच वाटत राहिलं. तुम्ही जेवायला बसलात, पेपर वाचलात, माझ्या लग्नात उभे राहिलात, आणि मधूनच मला ती उघडी खिडकी आठवायची आणि "शब्दाला शब्द" हे तुमचे शब्द.

शनिवारी आपण अकराच्या आतच अर्ज दिला. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज घेतला, कोपऱ्यात क्रमांक टाकला, मग चष्मा लावून वाचायला घेतला. तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "बघ, कामाचा माणूस आहे." मी मान फिरवली.

मुलाखतीपर्यंतचे दिवस मला फार जड गेले. तुम्ही नोकरीच्या पत्राला दोन उत्तरं तयार करून ठेवली होतीत, एक हजर होते म्हणून, एक नाइलाजाने येऊ शकत नाही म्हणून, दोन्हींवर माझ्या सहीची जागा मोकळी. दोन्ही कोनाड्यात एकावर एक होती. येता-जाता माझी नजर तिथे जायची, कोणतं वर आहे ते बघायला. आईने एकदा धूळ पुसताना त्यांची जागा बदलली तर मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "मला इंग्रजी येतं का गं? मला दोन्ही सारखीच."

मुलाखतीला टेबलामागे तिघेजण होते. मधे विभागप्रमुख, वयस्क, बारीक आवाजाचे. त्यांनी मला खडू देऊन फळ्याशी उभं केलं. पहिलं गणित सोडवलं. दुसऱ्यात अर्ध्यावर अडकले आणि तसं सांगितलं. तिसरं त्यांनी दिलं नाही. बसायला सांगितलं. त्यांच्यापुढे सरांचं पत्र होतं. उघडून ठेवलेलं, आणि मला लांबूनही दिसत होतं की कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे. पहिला एकाच बाजूला होता.

"तुमचे वडील काय करतात?"

"आवक कारकून आहेत."

त्यांनी शेजारच्यांकडे बघून किंचित मान हलवली. मग म्हणाले, "तुमच्या सरांनी मागे लिहिलंय, की पहिलं पत्र वडिलांच्या हातून चुकून फोडलं गेलं, ते स्वतः येऊन सांगून गेले, आणि तेच पत्र त्यांनी पुन्हा मागितलं. सर लिहितात, 'मत बदला असं त्यांनी सुचवलंसुद्धा नाही. मुलीला त्यांनी पत्र दाखवलेलं नाही.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "यात तुमच्याबद्दल काय लिहिलंय, तुम्हाला माहीत आहे?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. या."

यादी लागली तेव्हा माझं नाव सगळ्यांत खाली होतं. तुम्ही संध्याकाळी आलात, मी सांगितलं, तुम्ही कोनाड्यातून एक उत्तर काढून माझ्यापुढे सहीला ठेवलंत आणि दुसरं चुलीत टाकायला आईकडे दिलंत. मग मला विचारलंत, "मुलाखतीत पत्राबद्दल काही विचारलं का?" मी म्हटलं, "नाही, काही नाही."

तुमचा शब्द खोटा पडू नये म्हणून मी तिथे खोटं बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. थोडं तसं असेलही. पण त्या खुर्चीवर बसल्या क्षणी तुम्ही माझ्या मनात नव्हतात. मला ती जागा हवी होती. आणि मला हेही कळलं होतं, की ज्या बापाने माझ्यासाठी एक शब्द टाकला नाही असं मी धरून बसले होते, त्याच्या न टाकलेल्या शब्दावरच ते तिघं माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते. मुलीने वाचलेलं नाही, हा शब्द तुम्ही स्वच्छ दिला होतात. मी त्यात माझं एक "नाही" मिसळलं.

पुढची आठ-नऊ वर्षं तुम्ही ही गोष्ट प्रत्येकाला सांगितलीत. पाहुणे आले, चहा झाला, की तुम्ही सुरू करायचात. "कोट त्या खुंटीला होता. खिशाला बटणसुद्धा नव्हतं. तिचं वर्ष त्या कागदावर अडकलेलं. पण मी नको म्हटलं होतं ना, हिने हात लावला नाही." पाहुणे माझ्याकडे बघायचे. मी बशा गोळा करायला लागायचे. आणि आई, दर वेळी, तुमचं वाक्य संपायच्या आत म्हणायची, "अहो, त्यांना चिवडा घ्या म्हणा की." तिने मला कधी काही विचारलं नाही. तुम्हीही मला कधी सांगितलं नाहीत, की पत्रात चांगलं लिहिलेलं नव्हतं. आपण तिघंही एकमेकांना सांभाळत त्या कोटाला वळसा घालून जात राहिलो.

सर चुकले नव्हते, अण्णा. एम.ए. झाले, दुसऱ्याच वर्गात. झेप मला नव्हतीच. तीस वर्षं घाटकोपरच्या एका कॉलेजात गणित शिकवलं, दिलेलं काम वेळेवर आणि नीट केलं. विद्यार्थ्यांसाठी मीही शिफारसपत्रं लिहिली, बंद पाकिटात घातली, पाठीवर आडवी सही केली. एकातही कोणाला झेप नाही असं लिहायचं मला धैर्य झालं नाही.

आता ती नोंद. वहीत प्रत्येक ओळीला पाच रकाने आहेत. क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना तुम्ही बहुतेक कोराच ठेवायचात, फार तर "उत्तर दिले". त्रेसष्टपुढे तुमच्या बारीक अक्षरात तीन वाक्यं आहेत. "चुकून फोडले. परत केले. मी वाचले, मुलीने वाचले नाही."

मी लाल पेन्सिल घेऊन त्या ओळीपुढे बराच वेळ बसले. संबंध वहीत एकही खाडाखोड नाही, आणि एकच नोंद खोटी आहे, ती माझ्यामुळे. ती दुरुस्त करायला चार अक्षरं पुरली असती. आज सकाळी परत वही काढली, परत ठेवली. हे पत्र लिहायला बसले तेव्हा मला वाटत होतं की हे लिहून झालं की ती ओळ दुरुस्त करेन. करणार नाही. तुम्ही आज समोर पाटावर बसला असतात तरी हा कागद मी कोनाड्यात ठेवला नसता. त्या वहीत माझ्याबद्दल एकच वाक्य आहे, आणि खरं सांगायचं तर ते तसंच राहावं असं मला वाटतं.